तारयंत्रापासून यूएसबीपर्यंत : एका साध्या कराराची गोष्ट

मुळशी तालुक्यातली दोन गावे डोळ्यांसमोर आणा. एक हिंजवडी आणि दुसरे पिरंगुट. हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. तिथल्या लॅपटॉपच्या कडा दर वर्षी अधिक पातळ होतात आणि त्यांवरची भोके कमी होत जातात. पिरंगुट, उरवडे, घोटवडे या बाजूला कारखाने आणि लहान-मोठी वर्कशॉप आहेत. अशा वर्कशॉपमध्ये पंधरा-वीस वर्षे जुने सीएनसी मशीन दिसले तर नवल वाटायला नको. त्याच्या बाजूला नऊ किंवा पंचवीस पिनांचा एक पोर्ट असतो. कोणता जॉब कसा कापायचा, याचा प्रोग्रॅम त्या पोर्टातून मशीनमध्ये जातो.

आता समजा, मशीनला प्रोग्रॅम पाठवणारा जुना संगणक बंद पडला. नवीन लॅपटॉप आणला, पण त्याला तो पोर्टच नाही. मशीन तर ठणठणीत आहे. त्याची किंमत लाखांत. मग ते भंगारात घालायचे का?

हाच प्रश्न शाळा-महाविद्यालयांतही येतो. प्रयोगशाळेतला जुना इलेक्ट्रॉनिक तराजू, पावसाची नोंद ठेवणारे यंत्र, वर्णपटमापक ही उपकरणे चालू असतात, पण त्यांच्याशी बोलणारा संगणक उरलेला नसतो. उत्तर बहुतेक वेळा काहीशे रुपयांत मिळते. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला नऊ पिना असलेली केबल. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर बहुधा कोणतीही सीडी किंवा वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. केबल लावायची आणि काम सुरू करायचे.

मात्र ती लावताना पडद्यावर काही विचित्र शब्द भेटतात : ‘टीटीवाय’, ‘बॉड’, ‘डायलआउट’, ‘पॅरिटी’. पुष्कळ जण ते मंत्रासारखे टाइप करतात आणि पुढे जातात. आपण मात्र थांबू. ताम्हिणी घाटाच्या कड्यांवर बेसॉल्टचे थर एकावर एक दिसतात. प्रत्येक थर एका वेगळ्या लाव्हाप्रवाहाचा. हे शब्दही तसेच आहेत. प्रत्येक शब्द संदेशवहनाच्या इतिहासातला एक थर आहे. तळापासून सुरुवात करू.

एकामागून एक

‘सिरियल’ म्हणजे एकामागून एक. आठ माणसांना अरुंद साकवावरून जायचे असेल तर ती एका रांगेतच जाणार. तशीच एका तारेतून माहिती पाठवायची तर ती तुकड्या-तुकड्यांनी, क्रमानेच पाठवावी लागते. ही कल्पना तारयंत्राइतकी जुनी आहे. भारतात विल्यम ओ’शॉनेसी या आयरिश डॉक्टराने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ प्रायोगिक तार टाकली. १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारांनी जोडले गेले आणि ही सेवा जनतेला खुली झाली.

पुणे जिल्ह्यालाही या इतिहासात मानाचे पान आहे. जुलै १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यातली थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. तार नाहीशी झाली, पण संदेश मात्र तसाच, एका खुणेमागून दुसरी खूण असाच जात होता. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ‘एकामागून एक’ ही पद्धत मात्र आपल्या केबलमध्ये चालूच आहे.

बोदो यांचे पाच आणि क्रम पिता-पुत्रांचे दोन

मोर्सच्या लिपीत एक अडचण होती. इंग्रजी ‘ई’ला एकच टिंब आणि ‘क्यू’ला चार खुणा. अक्षरांची लांबी सारखी नाही. कानाने ऐकणाऱ्या माणसाला हे जमते, पण यंत्राला अक्षर कुठे संपले ते कळणे अवघड जाते. फ्रेंच तारखात्यातल्या एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये ज्या पद्धतीचे एकस्व घेतले, तिच्यात प्रत्येक अक्षराला बरोबर पाच खुणा होत्या. प्रत्येक खूण ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी. २ × २ × २ × २ × २ म्हणजे ३२ जोड्या झाल्या. आपण वेग मोजायला वापरतो ते ‘बॉड’ हे एकक बोदो यांच्याच नावावरून आले. एका सेकंदात तारेवरची खूण किती वेळा बदलू शकते, त्याचे ते माप.

लांबी ठरली, तरी दुसरा प्रश्न उरला. पाठवणाऱ्याचे घड्याळ आणि घेणाऱ्याचे घड्याळ जुळायचे कसे? दोन यंत्रांच्या वेगात किंचितही फरक असेल तर काही अक्षरांनंतर सगळाच घोटाळा. अमेरिकेत शिकागो येथे चार्ल्स क्रम आणि त्यांचा मुलगा हॉवर्ड यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यावर सोपा तोडगा पक्का केला. प्रत्येक अक्षराच्या आधी एक ‘सुरू’ची खूण आणि नंतर एक ‘थांबा’ची खूण. घेणारे यंत्र ‘सुरू’ दिसताच आपले घड्याळ शून्यावर आणते आणि फक्त त्या एका अक्षरापुरते चालवते.

यातले शहाणपण वर्गात सहज दाखवता येते. दोन मुलांना डोळे मिटून एका लयीत टाळ्या वाजवायला सांगा. शंभराव्या टाळीपर्यंत ती नक्की चुकतील. पण दर दहा टाळ्यांनी तुम्ही ‘आता’ म्हणालात तर चूक साठत नाही. आठ बिटांचे अक्षर, एक सुरुवातीचा बिट आणि एक थांब्याचा बिट मिळून दहा होतात. प्रत्येक बिट त्याच्या मध्यावर वाचला तर शेवटचा बिट साडेनऊ बिटकाळांनी येतो. तोवरची चूक अर्ध्या बिटापेक्षा कमी हवी. म्हणजे दोन्ही घड्याळांत सुमारे ५ टक्के फरक असला तरी चालते. फार महाग घड्याळे लागत नाहीत. ही पद्धत स्वस्त आहे आणि म्हणूनच ती टिकली.

‘टीटीवाय’ आणि कागदी पट्टी

या तत्त्वावर चालणारे तारेवरचे टंकलेखनयंत्र म्हणजे टेलिटाइप. लिनक्समध्ये आपली केबल ‘टीटीवाययूएसबी०’ या नावाने उमटते. त्यातले ‘टीटीवाय’ म्हणजे टेलिटाइपचाच संक्षेप. युनिक्स ही प्रणाली १९६९ पासून घडत गेली, तेव्हा तिच्याशी बोलण्याचे साधन असेच टंकयंत्र होते. यंत्र गेले, नाव राहिले.

१९६३ मध्ये आलेले मॉडेल ३३ हे टेलिटाइप फार लोकप्रिय झाले. ते सेकंदाला ११० बिट पाठवी. एका अक्षराला ११ बिट लागत : एक सुरुवातीचा, सात अक्षराचे, एक पॅरिटीचा आणि दोन थांब्याचे. म्हणजे सेकंदाला दहा अक्षरे. त्याच वर्षी सात बिटांची ‘आस्की’ ही सांकेतिक लिपी प्रमाण म्हणून जाहीर झाली.

पॅरिटी म्हणजे चूक पकडण्याची युक्ती. सम पॅरिटी ठरवली असेल तर एकांची एकूण संख्या सम व्हायला हवी. ‘ए’ म्हणजे १००००११ नव्हे, तर १०००००१. यात दोन एक आहेत, म्हणून पॅरिटीचा बिट ०. ‘सी’ म्हणजे १००००११. यात तीन एक आहेत, म्हणून पॅरिटीचा बिट १. वाटेत एखादा बिट उलटला तर हिशेब जुळत नाही आणि चूक लक्षात येते. दोन बिट उलटले तर मात्र ही युक्ती फसते. का, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

मॉडेल ३३ च्या काही यंत्रांना कागदी पट्टी वाचण्याची सोय होती. पट्टी सुरू करण्यासाठी एक संकेत आणि थांबवण्यासाठी दुसरा. पिरंगुटच्या आपल्या मशीनकडे आता परत पाहा. सुरुवातीच्या काळात अशा मशीनचे प्रोग्रॅमही छिद्रे पाडलेल्या पट्टीवर असत. पुढे पट्टीच्या जागी केबल आली, पण मशीनची स्मृती लहानच होती. म्हणून ते थोडा प्रोग्रॅम घेते, ‘थांब’ म्हणते, तेवढे कापून झाले की ‘सुरू कर’ म्हणते. हे दोन्ही संकेत त्या पट्टीवाचकाचेच आहेत! पट्टी नसलेला लॅपटॉप आजही ते निमूटपणे पाळतो. अनेक मशीनना सात बिट आणि सम पॅरिटी लागते, तीही याच काळाची आठवण. लॅपटॉपवर आठ बिट ठेवले आणि मशीनवर सात, तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसते.

नऊ पिना

अक्षरे ठरली, वेळ ठरली. पण तारेवर किती व्होल्ट म्हणजे ‘एक’? १९६० मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने ‘आरएस-२३२’ हे प्रमाण प्रसिद्ध केले आणि १९६९ मध्ये त्याची ‘सी’ आवृत्ती आली. उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०. मधला पट्टा कोणाचाच नाही. त्यामुळे मोटारी आणि वेल्डिंगच्या गोंगाटातही संदेश सहसा बिघडत नाही. मूळ जोडणी पंचवीस पिनांची होती. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये ती नऊ पिनांची झाली. या नवांपैकी साध्या बोलण्याला तीनच पुरतात : दोन नंबरची ऐकण्याची, तीन नंबरची बोलण्याची आणि पाच नंबरची जमीन म्हणजे अर्थ.

या प्रमाणाची खरी ताकद अशी की ते छापलेले होते आणि कोणीही वाचून त्याप्रमाणे यंत्र बनवू शकत होते. तराजू बनवणाऱ्याला संगणक बनवणाऱ्याची परवानगी लागली नाही.

लिनक्सचे पहिले काम

१९९१ च्या सुरुवातीला हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टॉर्व्हाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी घरच्या नव्या संगणकावर धडपडत होता. त्याला मोडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाशी बोलायचे होते. त्यासाठी त्याने टर्मिनलचे काम करणारा एक प्रोग्रॅम लिहिला. एक भाग सिरियल पोर्टवरून आलेली अक्षरे पडद्यावर दाखवी, दुसरा कळफलकावरची अक्षरे पोर्टवर पाठवी. या प्रोग्रॅमला फाइल साठवण्याची सोय हवी झाली, मग आणखी काही, मग आणखी काही. वाढत वाढत त्याचेच लिनक्स झाले. म्हणजे सिरियल पोर्ट हे लिनक्सला नंतर चिकटवलेले शेपूट नाही. लिनक्सचा जन्मच त्या कामातून झाला.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, तेही टेलिफोन आणि मोडेमवरून. तो आवाज अनेक वाचकांना आठवत असेल. डेबियन आणि उबुंटूत सिरियल पोर्ट वापरण्याची परवानगी ज्या गटाला असते त्याचे नाव ‘डायलआउट’, म्हणजे बाहेर फोन लावणारे. फोन लावायचे दिवस गेले, गट राहिला.

नवा दरवाजा आणि दुभाषा

सात कंपन्यांनी मिळून आखलेल्या यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. तिच्या रचनेत इंटेलमधले अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. १९९८ मध्ये ॲपलच्या आयमॅकने जुने पोर्ट काढून टाकले आणि हळूहळू सगळ्यांनीच तोच रस्ता धरला.

यूएसबीची पद्धत वेगळी आहे. सिरियल म्हणजे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याशी गप्पा. कोणीही केव्हाही बोलावे. यूएसबी म्हणजे वर्ग. शिक्षकाने विचारल्याशिवाय कोणी बोलायचे नाही आणि प्रत्येकाचा हजेरी क्रमांक ठरलेला. उत्पादकाचा एक आणि वस्तूचा एक, असे दोन क्रमांक प्रत्येक उपकरण संगणकाला सांगते. आपल्या केबलच्या टोकातल्या चिपचे काम दुभाषाचे. स्कॉटलंडच्या एफटीडीआय, तैवानच्या प्रोलिफिक आणि चीनच्या डब्ल्यूसीएच या कंपन्यांच्या चिप सर्वत्र दिसतात. पण प्रत्येकीची संगणकाशी बोलण्याची बोली निराळी. ती बोली समजणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. लिनक्सला यूएसबी-सिरियलची चौकट ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी १९९९ पासून बांधून दिली. पुढे निरनिराळ्या लोकांनी त्यात एकेका चिपचा ड्रायव्हर घातला. म्हणूनच केबल लावताच लिनक्स तिला ओळखते.

क्रमांकांचे दोन किस्से

ऑक्टोबर २०१४ मधली गोष्ट. एफटीडीआयच्या चिपच्या नकला बाजारात फार झाल्या होत्या. कंपनीचा विंडोजसाठीचा नवा ड्रायव्हर आपोआप सर्वत्र पोचला आणि नकली चिप आढळली की तिचा वस्तुक्रमांक पुसून शून्य करू लागला. शून्य क्रमांकाचे उपकरण कोणीच ओळखेना. केबल निकामी! नक्कल करणे चुकीचेच. पण दुकानातून विश्वासाने केबल घेणाऱ्याला आत कोणती चिप आहे ते कसे कळणार? आणि त्या केबलवर एखादे महत्त्वाचे यंत्र अवलंबून असेल तर? ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर काही दिवसांतच मागे घेतला गेला. इकडे लिनक्ससाठी एका प्रोग्रॅमरने एक छोटी दुरुस्ती पाठवली : शून्य क्रमांकाची चिप दिसली तरी तिला ओळखावे. ती स्वीकारली गेली आणि मारलेल्या केबल लिनक्सवर पुन्हा बोलू लागल्या. ड्रायव्हरचा मजकूर सर्वांना वाचता येतो आणि बदलता येतो, म्हणून हे शक्य झाले.

दुसरा किस्सा एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबुंटू २२.०४ मधला. सीएच३४० चिपची केबल लावली की ‘टीटीवाययूएसबी०’ क्षणभर उमटे आणि नाहीसे होई. केबलमध्ये दोष नव्हता. अंध व्यक्तींसाठी ब्रेल फलक चालवणारा ‘बीआरएलटीटीवाय’ नावाचा प्रोग्रॅम तिथे आधीपासून होता. एका ब्रेल फलकात हीच चिप, याच क्रमांकांची. त्यामुळे केबल दिसताच प्रोग्रॅमला वाटे की फलक आला आणि तो तिला ताब्यात घेई. अनेकांनी रागाने तो प्रोग्रॅमच काढून टाकला. खरे तर ब्रेल फलक न वापरणाऱ्याने नियमांच्या फाइलमधली त्या चिपची एक ओळ बंद केली तरी पुरते. कोणता प्रोग्रॅम कोणासाठी आहे हे समजून घेतले तर तो उपटून टाकावा लागत नाही.

करून पाहा

शाळेत सीएनसी मशीन नसेल, पण अटल टिंकरिंग लॅबमध्ये आर्डुइनो असेल. स्वस्त आर्डुइनो बोर्डांवर बहुधा सीएच३४० चिपच असते. म्हणजे यूएसबी-सिरियल दुभाषा तुमच्या शाळेत आधीच आलेला आहे! वेगळी केबल मिळाली तर हा प्रयोग जरूर करा.

१. केबल लिनक्स लॅपटॉपला लावा. ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली की शेवटच्या ओळींत चिपचे नाव आणि ‘टीटीवाययूएसबी०’ दिसेल.

२. ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले तर आपले नाव ‘डायलआउट’ गटात घाला, लॅपटॉपवरून बाहेर पडा आणि पुन्हा आत या. हे न केल्यामुळे केबल खराब आहे असे समजणारे पुष्कळ असतात.

३. केबलच्या दुसऱ्या टोकाला, काहीही न जोडता, दोन आणि तीन नंबरच्या पिना एका तारेने जोडा. बोलणाऱ्याचे तोंड त्याच्याच कानाला लावले असे समजा.

४. ‘मिनीकॉम’ उघडा. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक थांबा-बिट असे ठरवा आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद ठेवा. आता जे टाइप कराल ते पडद्यावर दिसेल. तार काढा, ते दिसेनासे होईल.

एक सूचना. आरएस-२३२ चे व्होल्ट आर्डुइनोच्या पिनांना सोसत नाहीत. नऊ पिनांची केबल त्यांना थेट जोडू नका, चिप जळेल. मध्ये व्होल्ट बदलणारी चिप हवी.

‘मुळशी’ किती वेळात जाते?

शेवटी एक गणित. बोदो यांच्या ३२ जोड्यांत मराठीची वर्णमाला बसत नाही. आस्कीच्या १२८ जागाही इंग्रजीने आणि तिच्या खुणांनी व्यापलेल्या. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे प्रमाण स्वीकारले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने भारतीय भाषांसाठी केलेल्या कामात तेच वापरले गेले. त्यात आठवा बिट वापरून वरच्या १२८ जागांत आपल्या लिपी बसवल्या. म्हणजे तार सात बिटांवर ठरवलेली असेल तर इंग्रजी नीट जाई आणि मराठीचा मात्र चुराडा होई!

इस्कीत ‘मुळशी’ म्हणजे म, उकार, ळ, श आणि दीर्घ ईकार, असे पाच संकेत. प्रत्येकाला दहा बिट धरले तर ५० बिट. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने सुमारे ५ मिलिसेकंद लागतील. आज रूढ असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. म्हणजे १५ बाइट, १५० बिट, सुमारे १६ मिलिसेकंद. मॉडेल ३३ टेलिटाइपच्या वेगाने दहा इंग्रजी अक्षरांना एक सेकंद लागे. त्याच्याशी ताडून पाहा.

दीडशे वर्षांत तार बदलली, यंत्रे बदलली, अक्षरेसुद्धा बदलली. टिकला तो एक साधा करार : सुरू, आठ खुणा, थांबा. तो टिकला कारण तो सोपा होता आणि कोणाच्या कपाटात कुलूपबंद नव्हता. म्हणून जुन्या उपकरणावर ‘निकामी’ अशी चिठ्ठी लावण्यापूर्वी त्याची मागची बाजू जरूर पाहा. तिथे नऊ पिना असतील, तर ते अजून बोलू शकते. त्याच्याशी कोणत्या वेगाने, किती बिटांनी बोलायचे, एवढे विद्यार्थ्यांच्या मदतीने शोधून काढा.